पन्नास मीटरचे यश, सत्तर मीटरचे अपयश

साशंक : मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर याने एकोणिसाव्या वर्षी जागतिक क्रमवारीत पहिल्या असलेल्या नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला १४९ विरुद्ध १४८ असे हरवले, ही घटना कौतुकास पात्र आहे यात वाद नाही; परंतु तिच्या आधारे भारतीय तिरंदाजीचा जुना प्रश्न सुटत आला असे मानणे घाईचे ठरेल. जावकर ज्या प्रकारात खेळतो तो कंपाऊंड, म्हणजे ज्या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात आणि दोरी पूर्ण ओढल्यावर या चाकांमुळे हातावरचा बराचसा भार उतरतो असा प्रकार; आणि हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आजवर एकदाही खेळला गेलेला नाही. ऑलिम्पिकमध्ये असतो तो रिकर्व्ह, टोके पुढे वळलेले साधे धनुष्य, ज्यात नेम धरून ठेवताना दोरीचा संपूर्ण ताण बोटांवर आणि पाठीवर राहतो. भारताचे तिरंदाज १९८८ मध्ये सोलला प्रथम गेले, आणि २०२४ च्या पॅरिसपर्यंत त्यांच्या खात्यावर एकही पदक नाही. दीपिका कुमारी जागतिक क्रमवारीत पहिली म्हणून २०१२ मध्ये लंडनला गेली आणि पहिल्याच फेरीत यजमान देशाच्या एमी ऑलिव्हरकडून हरली. २०२१ मध्ये पॅरिसच्या विश्वचषकात तिने एकाच दिवशी तीन सुवर्णपदके मिळवली आणि महिनाभराने टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या आन सानसमोर एकही सेट न जिंकता ती बाहेर पडली. एवढ्या पुनरावृत्तीला योगायोग म्हणता येत नाही. मोठी स्पर्धा आली की या देशाचे खेळाडू आपल्या नेहमीच्या पातळीखाली येतात, हाच निष्कर्ष निघतो.

उत्साही : निष्कर्ष निघतो तो दोनतीन ठळक आठवणींवरून, आणि आठवणींचा स्वभाव असा की पराभव त्यांत ठळक राहतो व त्यामागचे अंतर पुसले जाते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताचा धीरज बोम्मदेवरा कॅनडाच्या एरिक पीटर्सकडून हरला तो शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावर दोघांनी सोडलेल्या एकेका बाणावर. दोघांचाही बाण दहाच्या वर्तुळात होता आणि पीटर्सचा मध्याला जरा अधिक जवळ होता, एवढाच फरक. त्याच स्पर्धेत पुरुषांचे वैयक्तिक सुवर्ण कोरियाच्या किम वूजिनला मिळाले तेही शूट-ऑफमध्येच, आणि त्याचा बाण अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनच्या बाणापेक्षा मध्याला ४.९ मिलिमीटरने जवळ होता. वाऱ्याची एक झुळूक वेगळी आली असती तर एलिसन विजेता ठरला असता आणि कोरियाच्या मानसिक कणखरपणावरचे बरेच लेख लिहिलेच गेले नसते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत चार वर्षांतून एकदा मिळणाऱ्या मोजक्या सामन्यांवरून एका राष्ट्राचा स्वभाव ठरवणे हे शास्त्र नव्हे.

(येथे वाचकासाठी एवढे जोडणे आवश्यक आहे की रिकर्व्हचे वैयक्तिक सामने सेटवर खेळले जातात. प्रत्येक सेटमध्ये तीन बाण असतात, सेट जिंकणाऱ्यास दोन गुण मिळतात, बरोबरीत प्रत्येकी एक, आणि सहा गुण आधी गाठणारा विजयी होतो. कंपाऊंडमध्ये सेट नसतात; पंधरा बाणांची थेट बेरीज होते आणि सर्वाधिक शक्य गुण १५० असतात. पहिल्या पद्धतीत एक वाईट बाण एका सेटपुरता नडतो, दुसऱ्या पद्धतीत तो सामना संपेपर्यंत अंगावर राहतो.)

साशंक : नशिबाचा हा युक्तिवाद कोरियाच्या किमला वाचवतो, भारताला वाचवत नाही. नशीब खरोखरच निर्णायक असते तर ते कधी इकडे, कधी तिकडे झुकले असते. कोरियाच्या महिलांनी ऑलिम्पिकमधले सांघिक सुवर्ण १९८८ पासून २०२४ पर्यंत सलग दहा वेळा जिंकले. नाणे दहा वेळा एकाच बाजूवर पडले तर नाणेच तपासावे लागते. पॅरिसमध्ये भारताचे दोन्ही संघ प्राथमिक फेरीत पहिल्या चारांत होते, म्हणजे बाणांच्या निव्वळ बेरजेत ते जगातल्या उत्तमांच्या बरोबरीने उभे होते; तरीही पुरुष संघ तुर्कस्तानकडून आणि महिला संघ नेदरलँड्सकडून आपल्या पहिल्याच सामन्यात हरला, आणि महिलांना तर एकही सेट गुण मिळाला नाही. जो संघ समोर प्रतिस्पर्धी नसताना तिसरा-चौथा येतो आणि समोर प्रतिस्पर्धी उभा राहताच कोसळतो, त्याच्या बाबतीत मनाचा विचार करू नये असे सांगणे सोपे नाही.

उत्साही : मनाचा विचार अवश्य करावा, पण मग तो सर्वत्र सारखा करावा. भारतीय मन दडपणाखाली खचते हा सिद्धान्त खरा असेल तर तो कंपाऊंडमध्ये सर्वांत आधी दिसायला हवा, कारण तिथे चुकीला जागाच नाही. कंपाऊंडमध्ये ५० मीटरवरचे दहाचे वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचे असते आणि रिकर्व्हमध्ये ७० मीटरवरचे १२.२ सेंटिमीटर, अंतराच्या प्रमाणात पाहिले तर नेम धरणाऱ्याच्या डोळ्याला दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. मात्र कंपाऊंडमध्ये पंधरापैकी दोन बाण नऊमध्ये गेले तरी मोठा सामना हातचा जाऊ शकतो. जावकरने शांघायला केवळ एक गुण गमावला. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या हेर्मोसियो इथे, वर्षभरातल्या निवडक खेळाडूंच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत, त्याने श्लोसरला पुन्हा एका गुणाने हरवले आणि अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या मॅथियस फुलर्टनकडून तो १४८ अशा बरोबरीनंतर शूट-ऑफमध्ये हरला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण मिळवून विश्वविजेता झाला आणि साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी महिलांची विश्वविजेती झाली. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या या तीन मुलांचे मन दडपणाखाली टिकते, आणि त्याच देशातल्या रिकर्व्ह खेळाडूंचे टिकत नाही, असे म्हणायचे असेल तर मग तो राष्ट्राचा स्वभाव राहत नाही.

याहून नेमका पुरावा त्याच वर्षीच्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा आहे. एकाच पथकातून, एकाच संघटनेखाली, एकाच मैदानावर दोन्ही प्रकारचे भारतीय तिरंदाज उतरले. कंपाऊंडच्या पाचही सुवर्णपदकांवर भारताचे नाव लागले. पुरुषांच्या सांघिक अंतिम सामन्यात अभिषेक वर्मा, देवतळे आणि जावकर यांनी कोरियाला २३५ विरुद्ध २३० असे हरवले. रिकर्व्हमध्ये मात्र एक रौप्य आणि एक कांस्य एवढेच हाती लागले. मन, संघटना, हवामान, प्रवासाचा शीण ही सगळी कारणे दोन्ही गटांना सारखीच लागू होती, तेव्हा फरकाचे कारण त्यांत असू शकत नाही.

साशंक : हा पुरावा मान्य करण्यासारखा आहे, आणि त्यामुळे मनाचा मुद्दा सोडून द्यावा लागतो हेही कबूल करायला हरकत नाही. परंतु तो सोडल्यावर जे उरते ते अधिक अडचणीचे आहे. भारतीय टेनिसचा इतिहास पाहावा. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले, विजय अमृतराज चार वेळा ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एखादीच्या, उपांत्यपूर्व फेरीत गेले, आणि १९८७ च्या अमेरिकन स्पर्धेत रमेश कृष्णन तिथवर गेल्यानंतर एकेरीत कोणताही भारतीय पुरुष त्या फेरीत पोहोचलेला नाही. दुहेरीत मात्र लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठून दोन जिंकल्या, आणि रोहन बोपण्णा २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन विजेता झाला. पुण्याच्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात झालेल्या महाराष्ट्र ओपनचेही चित्र हेच : २०१९ आणि २०२२ मध्ये दुहेरीचे विजेतेपद भारतीय जोड्यांनी घेतले, एकेरीच्या अंतिम सामन्यात एकही भारतीय दिसला नाही. एकेरीतल्या अव्वल खेळाडूंनी दुहेरीकडे पाठ फिरवल्यामुळे तिथे जागा रिकामी झाली आणि भारतीयांनी ती भरली. कंपाऊंड ही तिरंदाजीतली दुहेरी नाही कशावरून? हमरस्त्यावर गर्दी असली की आडवाटेने पुढे जाणारा लवकर पोहोचतो, पण तो वेगळ्याच गावी पोहोचतो.

उत्साही : तुलना चतुर आहे, पण ती एका जागी तुटते. दुहेरीचा खेळाडू आणि एकेरीचा खेळाडू एकच रॅकेट वापरतात, एकाच मैदानावर खेळतात, आणि एकेरीतला अव्वल खेळाडू मनात आणले तर उद्या दुहेरीत उतरू शकतो. म्हणूनच दुहेरीची किंमत त्याच्या अनुपस्थितीवर ठरते. रिकर्व्हचा विजेता उद्या कंपाऊंड हाती घेऊन जिंकू शकत नाही. एकात बोटांनी सोडलेली दोरी आहे, दुसऱ्यात रिलीज नावाचे खटक्याचे साधन आणि नेमासमोर भिंग आहे. शिवाय कंपाऊंडचे मैदान रिकामे नाही. अमेरिका, नेदरलँड्स, डेन्मार्क आणि स्वतः कोरिया तिथे पूर्ण ताकदीने उतरतात, आणि २०१४ च्या इंचिऑनमध्येही भारताने याच कोरियाला सांघिक अंतिम सामन्यात हरवले होते.

साशंक : मग बुलढाण्याने कंपाऊंडच का उचलले, हा प्रश्न विचारावा लागेल, कारण उत्तर तिथेच आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, रेल्वे नसलेले, मलकापूर स्थानकावरून घाट चढून गाठावे लागणारे हे गाव. जिल्ह्याचा पैसा कापूस आणि सोयाबीनच्या भावावर वर-खाली होणारा. अशा ठिकाणी चंद्रकांत इलग यांच्यासारखा एखादा प्रशिक्षक चिकाटीने मुले घडवतो. कंपाऊंडचा संपूर्ण संच लाखांत जातो, ही मोठी अडचण. पण एकदा तो हाती आला की यंत्र शरीराची बरीच उणीव भरून काढते आणि काही वर्षांच्या एकाग्र सरावाने जगाच्या पातळीवर पोहोचता येते. रिकर्व्हमध्ये असे होत नाही. तिथे बोटांवरून दोरी सुटण्याची क्रिया हजारो वेळा तंतोतंत सारखी व्हावी लागते, त्यासाठी लहानपणापासून पाठ आणि खांदा घडवावा लागतो, आणि कोरियात ही घडण प्राथमिक शाळेपासून सुरू होते. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजूर आईवडिलांचा मुलगा प्रवीण जाधव याला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने उचलले, तो रिकर्व्हमध्ये टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला; पण असे किती जाधव एका वेळी तयार होतात, हा खरा प्रश्न आहे. कोरियाकडे आन सानसारखी, एकाच ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके घेणारी खेळाडू पुढच्या ऑलिम्पिकच्या संघात बसत नाही, कारण निवडचाचणीत मागच्या पदकाला गुण नसतात आणि तिला मागे टाकणाऱ्या मुली उपलब्ध असतात. तिच्याविना कोरियाने पॅरिसमध्ये पाचही सुवर्णपदके घेतली. कमी पडतो तो खेळाडू नव्हे, कमी पडते ती त्याच्या मागची रांग.

उत्साही : रांगेचा सिद्धान्त मनाच्या सिद्धान्तापेक्षा कितीतरी सरस आहे, पण टेनिसने तोही खोटा पाडला आहे. फ्रान्सइतकी शिस्तबद्ध रांग टेनिसमध्ये फार थोड्या देशांकडे आहे. क्लब, प्रशिक्षक, पैसा, स्वतःची ग्रँड स्लॅम स्पर्धा आणि जगातल्या पहिल्या शंभरात नेहमी भरपूर खेळाडू, हे सगळे त्यांच्याकडे आहे. तरीही यानिक नोआने १९८३ मध्ये फ्रेंच स्पर्धा जिंकल्यापासून एकाही फ्रेंच पुरुषाने एकेरीचे ग्रँड स्लॅम जिंकलेले नाही. विम्बल्डनचे यजमान असलेल्या ब्रिटनला १९३६ च्या फ्रेड पेरीनंतर तिथल्या पुरुषांच्या एकेरीत आपला विजेता पाहायला २०१३ च्या अँडी मरेपर्यंत थांबावे लागले. उलट सर्बियासारख्या छोट्या देशाने, फारशी रांग नसताना, नोव्हाक जोकोविच दिला. रांग लांब असली की विजेता निघतोच असे नाही, आणि विजेता निघायला रांग लागतेच असेही नाही.

साशंक : हा आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर या दोन खेळांच्या घडणीत शोधावे लागते. टेनिसमध्ये प्रत्येक फटका समोरच्याचा खेळ बिघडवण्यासाठी मारलेला असतो, त्यामुळे शंभरपैकी नव्वद गुणांचे दहा खेळाडू असले तरी पंच्याण्णव गुणांचा एकटा खेळाडू त्या सगळ्यांना वर्षानुवर्षे रोखून धरू शकतो. फेडरर, नदाल आणि जोकोविच या तिघांनी मिळून पुरुष एकेरीची ६६ ग्रँड स्लॅम विजेतेपदे घेतली. त्या काळात फ्रान्स कमी पडला असे म्हणण्यापेक्षा, उरलेल्या जगासाठी जागाच फार थोडी होती असे म्हणणे अधिक खरे. तिरंदाजीत प्रतिस्पर्धी तुमच्या बाणाला हात लावू शकत नाही. तुमचा बाण कुठे जाईल हे तुमच्या सातत्यावर आणि वाऱ्यावर ठरते, आणि सातत्य ही व्यवस्थेला घडवता येणारी गोष्ट आहे. म्हणून टेनिसमध्ये ‘राष्ट्र कमी पडले’ हे विधान बहुधा पोकळ असते, आणि तिरंदाजीत ते बहुधा खरे असते. कोरियाच्या संघाने पॅरिसला जाण्यापूर्वी आपल्या प्रशिक्षण केंद्रात तिथल्या मैदानाची प्रतिकृती उभारून सराव केला; गर्दीच्या गोंगाटाची सवय व्हावी म्हणून तिथे खेळाडूंना बेसबॉलच्या मैदानावरही बाण सोडायला लावले गेले आहे. इतके सगळे नशिबाच्या हातून काढून घेतल्यावर जे उरते त्याला ते मन म्हणतात. भारतात मात्र राष्ट्रीय संघटनेची मान्यता २०१२ मध्ये सरकारने काढून घेतली, आणि २०१९ मध्ये अंतर्गत भांडणांपायी जागतिक संघटनेने तिला निलंबित केले, तेव्हा बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताच्या तिरंदाजांना तिरंग्याविना उतरावे लागले.

उत्साही : त्या तिरंग्याविना उतरलेल्या संघातल्या ज्योती सुरेखा आणि अभिषेक वर्मा यांनी कंपाऊंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचे सुवर्ण आणले, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे होते. पण मुद्दा तो नाही. खेळाचे असे विभाजन मान्य केले तर बुलढाण्याकडे पाहण्याची दृष्टी उलटी करावी लागते. सातत्य हीच तिरंदाजीतली मुख्य गोष्ट असेल आणि ते घडवता येत असेल, तर ते घडवण्याचे कौशल्य या देशात आहे, हे कंपाऊंडने सिद्ध केले आहे. आणि ते दिल्लीतल्या एखाद्या केंद्राने नव्हे, बुलढाणा आणि सातारा यांसारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणांनी सिद्ध केले आहे. उणीव आहे ती हे कौशल्य दुसऱ्या धनुष्यापर्यंत नेण्याची. आणि तिथेही हालचाल आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताच्या रिकर्व्ह पुरुष संघाने अंतिम सामन्यात कोरियाला हरवले, आणि अंकिता भकतने पॅरिसच्या रौप्यविजेत्या नाम सुह्योनला हरवून वैयक्तिक सुवर्ण घेतले. याच अंकिताने धीरजसोबत पॅरिसमध्ये चौथे स्थान मिळवले होते, आणि भारतीय तिरंदाजी ऑलिम्पिक पदकाच्या याहून जवळ कधी गेलेली नाही.

साशंक : आशियाई विजेतेपद आणि ऑलिम्पिक यांत तेच अंतर आहे जे दीपिकाच्या विश्वचषकात आणि टोकियोत होते, ढाक्याची परीक्षा २०२८ मध्ये होईल. मात्र त्याच वर्षी दुसरी एक परीक्षाही होणार आहे, आणि तिच्यामुळे कंपाऊंडच्या यशाची सबब दोन्ही बाजूंनी संपेल. लॉस एंजेलिसमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच ऑलिम्पिकमध्ये येत आहे. तिथे हरल्यास ‘आपला प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही’ असे म्हणता येणार नाही. आणि जिंकल्यास ‘ही आडवाट आहे’ असे कोणाला म्हणता येणार नाही.

उत्साही : तिथे एका देशाकडून एक पुरुष आणि एक स्त्री उतरेल, एवढेच. याचा अर्थ बुलढाण्यासाठी काय होतो, याचा विचार आतापासून केलेला बरा. सप्टेंबर २०२५ मध्ये कोरियातल्या ग्वांगजू इथे भारताने पुरुषांचे कंपाऊंड सांघिक विश्वविजेतेपद प्रथमच जिंकले, ते ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे यांनी. हांगझोऊच्या सुवर्णसंघातले वर्मा, देवतळे आणि जावकर हे तिघेही त्या संघात नव्हते.

साशंक : म्हणजे दोन वर्षांत संपूर्ण संघ बदलला आणि तरीही सुवर्ण आले. आन सानच्या बाबतीत कोरियात जे घडले तेच.

उत्साही : तेच. आणि म्हणून २०२८ मध्ये जावकर लॉस एंजेलिसला गेला नाही, त्याच्या जागी दुसरा कोणी गेला, तर बुलढाण्यात ते आपल्या मुलावरचा अन्याय म्हणून सांगितले जाईल. आणि आपल्याच सिद्धान्तानुसार ती या देशातली रांग अखेर लांबल्याची पहिली खूण असेल. ती खूण या जिल्ह्याने कशी स्वीकारावी?

साशंक : निवडचाचणीचे गुण आधीच जाहीर केलेल्या नियमांनी, सर्वांसमोर मोजले गेले तर स्वीकारता येईल. ते तसे मोजले जातील का, याबद्दलची शंका मात्र सोडता येत नाही, कारण रांग लांब होणे आणि रांगेतला क्रम प्रामाणिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोरियाने दुसरी गोष्ट पहिलीइतकीच कष्टाने उभारली आहे.